पहिल्या फळीचा गुरू : व्हिन्स लोम्बार्डी



फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोल चेंडू, दोन गोलपोस्ट आणि पायाने मारलेली जोरदार किक येते. अमेरिकेत मात्र फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो तो अगदीच निराळा आहे. तिथला चेंडू न सोललेल्या नारळासारखा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळायचे असते, नाहीतर पुढच्या गड्याकडे फेकायचा असतो. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावे लागते. नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो.

या खेळात टाळ्या मिळतात त्या चेंडू घेऊन पळणाऱ्याला. पण त्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी वाकून उभे असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल. सेंटर चेंडू मागे देऊन खेळ सुरू करतो. बाकीच्या चौघांचा चेंडूला सहसा हातही लागत नाही. समोरून अंगावर येणाऱ्यांना छातीवर झेलायचे, त्यांना बाजूला सारायचे आणि आपल्या मागच्या माणसासाठी वाट मोकळी करायची, एवढेच त्यांचे काम. गुण दुसऱ्याच्या नावावर लागतात, फोटो दुसऱ्याचा छापून येतो. या पाच जणांना 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. आपण तिला पहिली फळी म्हणू या.

आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे ते व्हिन्स लोम्बार्डी तरुणपणी या फळीत खेळले, पुढे अनेक वर्षे या फळीला शिकवत राहिले आणि अखेरीस अमेरिकन फुटबॉलचे सर्वांत नावाजलेले प्रशिक्षक ठरले. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वोच्च चषक आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शिवाय ते आपल्याच श्रद्धेचे होते. दिवसाची सुरुवात पवित्र मिस्साने करायची हा नेम त्यांनी पाळला.

मांसविक्रेत्याचा मुलगा

व्हिन्स यांचा जन्म ११ जून १९१३ रोजी न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात, शीप्सहेड बे येथे झाला. घराणे मूळचे दक्षिण इटलीतले. वडील हॅरी यांचा मांसविक्रीचा धंदा होता. आईचे नाव माटिल्डा. पाच भावंडांत व्हिन्स थोरला. हॅरी यांनी आपल्या बोटांवर काम आणि खेळ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द गोंदवून घेतले होते, एका हातावर एक आणि दुसऱ्या हातावर दुसरा. थोरल्या मुलाचे सारे आयुष्य त्या दोन शब्दांत मावेल, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

घरात शिस्त कडक आणि श्रद्धा पक्की. रविवारची मिस्सा चुकवायची नाही, मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. आठ वर्षांचा व्हिन्स सेंट मार्क चर्चमध्ये वेदीसेवक झाला. वेदीजवळ उभे राहता राहता आपणही धर्मगुरू व्हावे, असे त्याच्या मनाने घेतले. १९२८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो ब्रुकलिनच्या कॅथेड्रल कॉलेजात दाखल झाला. भावी धर्मगुरूंची पहिली घडण जिथे होते अशी ती पूर्वसेमिनरी होती. अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. चार वर्षांनंतर मात्र हे आपले पाचारण नव्हे, असे त्याला वाटू लागले आणि त्याने सेमिनरी सोडली.

सेमिनरीतून परत आलेल्या मुलाकडे समाज कसा पाहतो, हे आपल्याला माहीत आहे. लोक कुजबुजतात, घरचे हिरमुसतात. पण देवाचे बोलावणे एकाच प्रकारचे नसते. सेमिनरीत अंगी बाणलेले वेळेचे भान, प्रार्थना आणि आज्ञाधारकपणा व्हिन्स यांनी आयुष्यभर सोडला नाही. फक्त त्या शिदोरीचा उपयोग त्यांनी वेगळ्या वाटेवर केला.

ग्रॅनाइटचे सात चिरे

सेंट फ्रान्सिस शाळेत एक वर्ष काढून १९३३ साली व्हिन्स फोर्डहॅम विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ येशूसंघीय धर्मगुरूंचे. फुटबॉलच्या जोरावर त्यांना शिष्यवृत्ती मिळाली होती. उंची पाच फूट आठ इंच आणि वजन सुमारे ८२ किलो. पहिल्या फळीत खेळायला हा देह तोकडाच. समोरचे गडी त्यांच्याहून कितीतरी दांडगे असायचे. पण वाकून, खालून, वेळ साधून धडक मारली तर मोठ्या माणसालाही हलवता येते, हे त्यांनी तिथे शिकून घेतले. संघाचे मुख्य प्रशिक्षक जिम क्रॉली होते आणि फळीला शिकवायला फ्रँक लीही.

त्या काळी फळीत सात जण धरले जात आणि तेच खेळाडू चढाईही करत आणि बचावही. १९३६ च्या हंगामातील फोर्डहॅमची फळी इतकी अभेद्य होती की तिला 'ग्रॅनाइटचे सात चिरे' असे नाव पडले. त्यातला उजवा गार्ड म्हणजे लोम्बार्डी. पिट्सबर्गविरुद्धच्या एका सामन्यात त्यांच्या तोंडावर जबर मार बसला. तोंड आतून फाटले, दात पडले. सामन्याचा बराच वेळ ते बाहेर बसून होते. पण प्रतिस्पर्धी आपल्या रेषेजवळ येऊन ठेपले तेव्हा त्यांना बोलावणे आले. तशाच तोंडाने ते फळीत उभे राहिले. रेषा राखली गेली आणि सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला.

फोर्डहॅमच्या फादरांनी त्यांना तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्रही शिकवले. माणसाला स्वातंत्र्य मिळाले आहे, म्हणून त्याच्यावर कर्तव्याचा भारही आहे. आपल्या वाट्याला आलेल्या देणग्या पूर्णपणे वापरल्या नाहीत तर तो देणाऱ्याचा अवमान आहे. ही शिकवण त्यांच्या मनात खोल रुजली. पुढे मैदानावर ते जे ओरडून सांगत त्याचे मूळ फोर्डहॅमच्या वर्गात होते.

शाळेतली आठ वर्षे

१९३७ साली पदवी मिळाली, पण ते दिवस मंदीचे होते. लोम्बार्डी यांनी इकडेतिकडे नोकऱ्या केल्या, कायद्याच्या अभ्यासाला प्रवेश घेतला आणि एका सत्रातच तो सोडून दिला. घरच्यांना काळजी वाटावी अशीच ती स्थिती होती. १९३९ साली फोर्डहॅमच्या एका जुन्या सोबत्याने त्यांना न्यू जर्सीतील एंगलवूड येथे बोलावून घेतले. तिथल्या सेंट सिसिलिया या धर्मग्रामाच्या हायस्कुलात फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक हवे होते. फुटबॉलच्या जोडीला लॅटिन, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान शिकवायचे होते. पगार बेताचाच होता. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांनी मारी प्लानिट्झ यांच्याशी लग्न केले.

थोडे दिवस म्हणून गेलेले लोम्बार्डी त्या शाळेत आठ वर्षे राहिले. १९४२ पासून ते मुख्य प्रशिक्षक झाले. बास्केटबॉलचा संघही त्यांनीच सांभाळला. वर्गात एखादा मुद्दा सर्वांत मागे बसलेल्या मुलाला समजेपर्यंत ते पुढे जात नसत. हुशार मुलांना कंटाळा आला तरी चालेल, पण शेवटचा मुलगा मागे राहता कामा नये. मैदानावरही त्यांची हीच रीत होती. नंतर व्यावसायिक संघाला शिकवतानाही ती बदलली नाही. मोठे खेळाडू त्यांच्याविषयी सांगत, की हा माणूस आधी शिक्षक आणि मग प्रशिक्षक. आपल्या शाळांत वर्षानुवर्षे राबणाऱ्या शिक्षकांना हे वाचून नक्कीच बरे वाटेल.

कर्नलच्या हाताखाली

१९४७ साली लोम्बार्डी फोर्डहॅमला परतले आणि दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत रुजू झाले. तिथे कर्नल अर्ल ब्लेक हे मुख्य प्रशिक्षक होते. लोम्बार्डी यांच्याकडे चढाईच्या फळीची जबाबदारी आली. स्वतः ज्या फळीत खेळले तीच आता त्यांना घडवायची होती.

ब्लेक हे शांत, मोजके बोलणारे, काटेकोर गृहस्थ होते. सामन्यांचे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचे, प्रत्येक खेळाडूचे प्रत्येक पाऊल तपासायचे, पसारा वाढवायचा नाही आणि जे थोडे करायचे ते बिनचूक करायचे, ही त्यांची पद्धत. लोम्बार्डी तापट. सरावात आवाज चढला की कर्नल त्यांना आवर घालत. आपल्या पुढच्या यशाचे श्रेय लोम्बार्डी नेहमी ब्लेक यांना देत असत.

१९५१ साली अकादमीवर मोठे संकट आले. परीक्षेत गैरमार्गाने उत्तरे मिळवल्याबद्दल ८० हून अधिक कॅडेट्सना काढून टाकण्यात आले. त्यांत फुटबॉल संघातील बरेच खेळाडू होते, कर्नल ब्लेक यांचा मुलगाही होता. आदल्या वर्षी नऊपैकी आठ सामने जिंकलेल्या संघाला त्या वर्षी फक्त दोन जिंकता आले. ब्लेक पळून गेले नाहीत. त्यांनी नवख्या मुलांना घेऊन संघ पुन्हा उभा केला आणि १९५३ साली तो पुन्हा विजयी झाला. पडझडीनंतर पायापासून कसे बांधायचे, हे लोम्बार्डी यांनी जवळून पाहिले. हाच धडा त्यांना पुढे ग्रीन बे येथे उपयोगी पडणार होता.

१९५४ साली ते न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघात आले. मुख्य प्रशिक्षक जिम ली हॉवेल यांनी चढाईचे खाते लोम्बार्डी यांच्याकडे सोपवले आणि बचावाचे टॉम लँड्री यांच्याकडे. सुरुवातीला खेळाडूंना हे लष्करी अकादमीतून आलेले, ओरडणारे गृहस्थ आवडले नाहीत. लोम्बार्डी यांनी तेव्हा एक शहाणपणाची गोष्ट केली. संध्याकाळी ते फ्रँक गिफर्ड आणि चार्ली कॉनर्ली या खेळाडूंच्या खोलीवर जात आणि व्यावसायिक खेळातले बारकावे त्यांनाच विचारून घेत. शिकवणाऱ्याने शिकायला लाजू नये. आदल्या वर्षी १२ पैकी तीनच सामने जिंकलेला हा संघ १९५६ साली विजेता झाला. अंतिम सामन्यात त्यांनी शिकागो बेअर्सचा ४७-७ असा धुव्वा उडवला.

तरीही लोम्बार्डी दुसऱ्याच्या हाताखालीच होते. मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्यांनी अनेक ठिकाणी प्रयत्न केले, पण दरवेळी दुसऱ्या कोणाची तरी निवड होई. आपले इटालियन आडनाव आड येते, ही सल त्यांच्या मनात होती. वय पंचेचाळीस झाले. माणूस अशा वेळी कडवट होतो. लोम्बार्डी मिस्साला जात राहिले आणि फळीला शिकवत राहिले.

ग्रीन बे : तेच खेळाडू, नवा संघ

विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे हे तेव्हा साठेक हजार वस्तीचे गाव होते. थंडी हाडे गोठवणारी. तिथला पॅकर्स हा संघ कोणा धनिकाच्या मालकीचा नाही. १९२३ पासून गावातल्या सामान्य लोकांनी भाग विकत घेऊन तो चालवला आहे. १९५८ च्या हंगामात या संघाने १२ पैकी एकच सामना जिंकला, दहा हरला आणि एक बरोबरीत सुटला. गावाने आशा सोडली होती. जानेवारी १९५९ मध्ये लोम्बार्डी यांना मुख्य प्रशिक्षक आणि व्यवस्थापक म्हणून बोलावण्यात आले.

त्या हरलेल्या संघात बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, रे निट्श्के, फॉरेस्ट ग्रेग, जिम रिंगो आणि जेरी क्रेमर हे सात जण आधीपासूनच होते. पुढे या सातही जणांना व्यावसायिक फुटबॉलच्या गौरवमंदिरात स्थान मिळाले. म्हणजे माणसे होतीच. त्यांच्यात काय आहे हे पाहणारा कोणी नव्हता.

लोम्बार्डी यांनी पहिल्या दिवसापासून शिस्त लावली. बैठकीला ठरलेल्या वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी हजर राहायचे. जो ठरल्या वेळेला आला तो उशिरा आला, असा त्यांचा हिशेब. गावकरी त्याला लोम्बार्डी टाइम म्हणत. पहिल्याच वर्षी संघाने सात सामने जिंकले आणि पाच हरले.

फळीतला क्रेमर हा तरुण गार्ड एकदा सरावात चुकला. लोम्बार्डी यांनी सर्वांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढली की खेळ सोडून द्यावा, असे त्याला वाटू लागले. सराव संपल्यावर तो खोलीत मान खाली घालून बसला होता. थोड्या वेळाने लोम्बार्डी आत आले, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि एक दिवस तू या खेळातला सर्वोत्तम गार्ड होशील, असे सांगून निघून गेले. क्रेमर म्हणत, त्या एका वाक्याने आपले आयुष्य बदलले. शिक्षा करणारा हात पाठीवरूनही फिरला पाहिजे, हे आपण पालकांनी लक्षात ठेवावे.

एकच चाल, हजार वेळा

लोम्बार्डी यांच्या संघाची एक चाल जगप्रसिद्ध झाली. तिला पॅकर्सचा 'पॉवर स्वीप' म्हणतात. ती समजली तर त्यांचा सारा स्वभाव समजतो.

चेंडू मागे दिला जाताच दोन्ही गार्ड, म्हणजे क्रेमर आणि फझी थर्स्टन, समोरच्याला न भिडता एक पाऊल मागे घेत आणि फळीच्या मागून बाजूला धावत सुटत. त्यांच्या जागा रिकाम्या पडत. त्या सेंटरने आणि टॅकलने बंद करायच्या. टोकाचा गडी समोरच्या बचावपटूला भिडे, पण त्याला ठराविक दिशेला ढकलायचे असे नव्हते. तो जिकडे जाऊ पाहील तिकडेच त्याला न्यायचे. तो बाहेर गेला तर चेंडूवाल्याने आतून घुसायचे, आत आला तर बाहेरून. पुढे पळणारे दोन गार्ड दोन बाजूंना भिंत उभी करत आणि मधली वाट उघडी होई. चेंडूवाल्याने डोळे उघडे ठेवून जिथे उजेड दिसेल तिथे शिरायचे.

या चालीत लपवाछपवी नव्हती. प्रत्येक विरोधी संघाला ती येणार हे ठाऊक असे, तरी ती थांबवणे त्यांना जमत नसे. कारण अकराही जणांपैकी प्रत्येकाला आपले पाऊल, आपला कोन आणि शेजाऱ्याचे काम पाठ होते. एका शिबिरात लोम्बार्डी या एकाच चालीवर आठ तास बोलले. तरुण प्रशिक्षक जॉन मॅडन तिथे श्रोत्यांत होते. आपल्याला फुटबॉल कळतो हा आपला भ्रम त्या दिवशी गेला, असे ते पुढे सांगत.

सरावात ही चाल दिवसेंदिवस, पुन्हा पुन्हा घेतली जाई. आपण पवित्र जपमाळ घेतो तेव्हा त्याच त्या प्रार्थना पुन्हा म्हणतो. बाहेरच्याला त्यात कंटाळा दिसतो. म्हणणाऱ्याला मात्र प्रत्येक मणी मनाची घडी बसवत जातो. वेदीसेवक म्हणून वाढलेल्या या माणसाला पुनरावृत्तीचे बळ लहानपणीच कळले असावे.

१९६० साली संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि फिलाडेल्फियाकडून १३-१७ असा हरला. बाद फेरीतला तो त्यांचा पहिला आणि शेवटचा पराभव. त्यानंतर १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ असे सात वर्षांत पाच वेळा पॅकर्स विजेते झाले. दोन लीगच्या विजेत्यांमध्ये १९६७ च्या जानेवारीत सुरू झालेला सुपर बोल हा सामनाही पहिली दोन्ही वर्षे त्यांनीच जिंकला.

बर्फातला सामना

३१ डिसेंबर १९६७ चा दिवस. ग्रीन बेच्या मैदानावर डॅलस काउबॉईज संघाशी लीगचा अंतिम सामना होता. डॅलसचे प्रशिक्षक होते लोम्बार्डी यांचे जुने सहकारी टॉम लँड्री. तापमान उणे २५ अंश सेल्सियस. मैदान गरम राखण्यासाठी जमिनीखाली विजेच्या तारा बसवल्या होत्या, पण ती यंत्रणा त्या दिवशी बंद पडली आणि गवत काचेसारखे कडक झाले. पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या.

शेवटची पाच मिनिटे उरली असताना पॅकर्स १४-१७ असे मागे होते. तिथून त्यांनी ६८ यार्डांची चढाई सुरू केली. रेषा जेमतेम दोन-तीन फुटांवर आली तेव्हा १६ सेकंद उरले होते. किक मारून बरोबरी साधणे सोपे होते. पण लोम्बार्डी यांनी बार्ट स्टारचा विचार मान्य केला. पुन्हा एकदा फळीवर विश्वास टाकायचा ठरले. क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी मिळून समोरच्या धिप्पाड बचावपटूला मागे रेटले. तेवढ्याशा फटीतून स्टार चेंडूसह रेषेपलीकडे पडला. पॅकर्स २१-१७ असे जिंकले.

दूरदर्शनवर तो क्षण संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवला गेला. चेंडूवाल्याच्या पुढे राबणारा गार्ड देशभरच्या लोकांनी त्या दिवशी नीट पाहिला. पहिल्या फळीला मिळालेला असा मान विरळाच.

मिस्सा आणि मैदान

ग्रीन बेमध्ये असताना लोम्बार्डी रोज सकाळी कचेरीत जाण्यापूर्वी सेंट विलिब्रॉर्ड चर्चमध्ये मिस्साला जात. वेदीसेवक आला नसेल तर हा देशभर गाजलेला माणूस स्वतः वेदीजवळ उभा राहून सेवा करी. महत्त्वाच्या सामन्यापूर्वी त्यांनी एकदा खेळाडूंना संत पॉलच्या पत्रातील शर्यतीचा दाखला दिला होता. धावणारे सगळेच, पण बक्षीस मिळवण्याच्या निर्धाराने धावायचे, असा तो विचार.

जिंकणे हेच सर्वस्व, अशा अर्थाचे एक वचन त्यांच्या नावावर खपवले जाते. ते मुळात त्यांचे नव्हे. त्यांच्या आधी रेड सँडर्स नावाच्या प्रशिक्षकाने ते म्हटले होते. लोम्बार्डी यांनी पुढे खुलासा केला की आपल्याला अभिप्रेत होता तो जिंकण्यासाठी केलेला प्रामाणिक प्रयत्न.

त्यांची श्रद्धा चर्चच्या दारात थांबली नाही. त्या काळी अमेरिकेत कृष्णवर्णीयांना अनेक हॉटेलांत प्रवेश मिळत नसे. आपल्या संघातील गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंना जे दुकान किंवा हॉटेल सारखी वागणूक देणार नाही, तिथे संघातला कोणीही पाऊल टाकणार नाही, असे लोम्बार्डी यांनी गावाला ठणकावून सांगितले. प्रवासात वर्ण पाहून खोल्या वाटणे त्यांनी बंद केले. विली वूड या तरुणाला कोणत्याच संघाने निवडले नव्हते. लोम्बार्डी यांनी त्याला संधी दिली आणि तोही गौरवमंदिरात पोहोचला. विली डेव्हिस या कृष्णवर्णीय खेळाडूला त्यांनी बचावाचा कर्णधार केले. आडनावामुळे डावलले जाण्याचे दुःख त्यांनी भोगले होते. ते दुःख दुसऱ्याला द्यायचे नाही, हे त्यांनी ठरवले होते.

घराची बाजू

थोर माणसांच्या घरात डोकावले की सगळेच उजळ दिसत नाही. लोम्बार्डी पहाटेपासून रात्रीपर्यंत कामात बुडालेले असत. देव, कुटुंब आणि संघ या क्रमाने जगा, असे ते खेळाडूंना सांगत, पण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात दुसरा आणि तिसरा क्रमांक पुष्कळदा बदलला जाई. न्यूयॉर्कजवळच्या माणसांतून दूर त्या थंड गावात आलेल्या मारी एकाकी पडल्या आणि दारूचा आधार घेऊ लागल्या. मुलाला आणि मुलीला वडिलांचा सहवास थोडा आणि धाक जास्त मिळाला. परक्या मुलांच्या केसांतून फिरणारा हात स्वतःच्या मुलाच्या वाट्याला क्वचितच आला. लोम्बार्डी यांना आपल्या रागाची खंत होती आणि रोजच्या मिस्सात ते त्यासाठी प्रार्थना करत. रोज मिस्साला जाणाऱ्यालाही स्वभावाशी मरेपर्यंत झुंजावे लागते. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. चर्चच्या, समाजाच्या, संस्थेच्या कामात आकंठ बुडालेल्या आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घराकडे पाहावे, यासाठी ती सांगायलाच हवी.

अखेरचा हंगाम

फेब्रुवारी १९६८ मध्ये लोम्बार्डी यांनी पॅकर्सचे प्रशिक्षकपद सोडले. पण खेळापासून दूर राहणे त्यांना जमले नाही. १९६९ साली ते वॉशिंग्टनच्या संघात गेले. हा संघ १९५५ नंतर हरण्यापेक्षा जास्त सामने कधी जिंकलाच नव्हता. पहिल्याच वर्षी त्याने सात जिंकले, पाच हरले आणि दोन बरोबरीत सोडवले.

तिथे लॅरी ब्राउन नावाचा नवखा खेळाडू होता. चेंडू सुटला की तो क्षणभर उशिरा निघे. दुसऱ्या कोणी त्याला आळशी म्हणून काढून टाकले असते. लोम्बार्डी यांनी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले आणि त्याचे कान तपासून घेतले. एका कानाने त्याला ऐकू येत नव्हते. मग लीगची परवानगी घेऊन त्याच्या हेल्मेटमध्ये श्रवणयंत्र बसवण्यात आले. ब्राउन पुढे मोठा खेळाडू झाला. चूक दिसली की आधी कारण शोधायचे, हा शिक्षकाचा डोळा शेवटपर्यंत शाबूत होता.

स्वतःच्या शरीराकडे मात्र त्यांनी तसे पाहिले नाही. १९६७ पासून त्यांना पोटाचा त्रास होता. डॉक्टरांनी आतड्याची तपासणी सुचवली तेव्हा त्यांनी ती नाकारली. जून १९७० मध्ये येशूसंघीयांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांना दाखल केले, तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरलेला होता. जुने खेळाडू लांबून भेटायला आले. ३ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी डोळे मिटले. ७ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये कार्डिनल टेरेन्स कुक यांच्या उपस्थितीत अंत्यविधीची मिस्सा झाली. न्यू जर्सीतील माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत ते विसावले आहेत.

त्यांच्या निधनानंतर सुपर बोलच्या चषकाला त्यांचे नाव देण्यात आले. जॉर्जटाउनच्या कर्करोग केंद्रालाही त्यांचे नाव आहे. तिथे येणारे रुग्ण वेळेवर तपासणी करून घेतात, तेव्हा त्यांच्या हट्टाची थोडीफार भरपाई होत असेल.

बंधू-भगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही पहिली फळी आहे. पहाटे चर्चचे दार उघडणारे, वेदीवरची वस्त्रे धुणारे, सणानंतर खुर्च्या उचलून ठेवणारे, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारे. त्यांच्या हाती चेंडू कधी येत नाही, त्यांचे नाव कधी पुकारले जात नाही. पण त्यांनी वाट मोकळी केली नाही तर पुढे कोणालाच जाता येणार नाही. या रविवारी मिस्सा आटोपून घरी जाताना त्यांपैकी एकाला तरी थांबवू या आणि दोन शब्द आभाराचे बोलू या. आणि घरी पोहोचल्यावर आपल्या मुलांच्या केसांतूनही हात फिरवू या.